नीलांबरी रुसली होती

मी शपथ घेतलेली दुभाषी आहे. मराठी, हिंदी आणि जर्मन. कोर्टातून, पोलिसांकडून, सरकारी कचेऱ्यांतून बोलावणं आलं की जायचं, एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं आणि ऐकलेलं तिथेच सोडून यायचं, हे माझं काम. पण नीलांबरी आवटीने मला स्वतःहून सांगितलं, "शुभदाताई, तुम्ही लिहाच. आणि माझं नाव बदलू नका." म्हणून लिहिते आहे.

नीलांबरी मिरजेची. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात ती पंधराएक वर्षं नर्स होती. आवटी सिस्टर वॉर्डात शिरल्या की पेशंटच्या खाटेवर टेकलेले नातेवाईक आपोआप उठून उभे राहत, असा दरारा. पहिलं लग्न वर्षभरात मोडलं होतं. त्यानंतर आई आणि ती, दोघींचंच घर.

रॉल्फ इकडचा, जर्मनीतला, आखनजवळच्या एका छोट्या गावातला. तारेची वाद्यं दुरुस्त करणारा कारागीर. तंबोऱ्याचे भोपळे कसे निवडतात, कसे वाळवतात ते बघायला मिरजेला गेला आणि टायफॉइड होऊन थेट आवटी सिस्टरांच्या वॉर्डात दाखल झाला. ताप जरा उतरल्यावर त्याने शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडून भडंग मागून घेतलं. नीलांबरीने बघितलं आणि मराठीतून त्याची अशी हजेरी घेतली की अख्खा वॉर्ड गप्प झाला. रॉल्फला एक अक्षर कळलं नाही, पण त्याने पुडी मुकाट्याने तिच्या हातात दिली. पुढच्या वर्षी तो परत आला. त्याच्या पुढच्या वर्षीही. शेवटी नीलांबरीच्या आईनेच विचारलं, "अहो रॉल्फराव, अजून किती भोपळे बघायचे राहिलेत?"

लग्न झालं तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती.

जर्मन नागरिकाशी लग्न करून आलेल्या माणसाला इथे राहण्याचा परवाना मिळतो, पण तो त्या लग्नाला बांधलेला असतो. साधारण तीन वर्षं संसार एकत्र झाला, भाषा आली, पोटापाण्याची सोय असली, की कायमचा परवाना मागता येतो. त्याला मग लग्नाचं दावं नसतं. नीलांबरी पहिल्या वर्षी भाषा शिकली. दुसऱ्या वर्षी तिने नर्सिंगची पदवी इथे मान्य करून घ्यायचं ठरवलं. त्यासाठी जर्मन दवाखान्यात काम करत अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. जवळपास जागा मिळेना. मिळाली ती डार्मश्टाटला, रेल्वेने तीन-साडेतीन तासांवर. ती सोमवार ते शुक्रवार तिथल्या वसतिगृहात राहायला लागली. शुक्रवारी संध्याकाळी घरी यायची, रविवारी परत जायची. इथे राहता पत्ता सरकारदरबारी नोंदवावा लागतो, तसा तिने दुसरा पत्ताही इमानदारीने नोंदवला.

आणि तिथेच माशी शिंकली. कायमच्या परवान्यासाठी अर्ज केला, तर आउसलेंडरबेहोर्डेकडून, म्हणजे परदेशी लोकांचे परवाने बघणाऱ्या कचेरीकडून, उत्तर आलं: नवराबायकोचे पत्ते वेगळे दिसतात, विवाह खरोखर नांदता आहे का याची खात्री करायची आहे, दोघांची स्वतंत्र चौकशी होईल. तोवर हातात एक तात्पुरता कागद.

जो तो सल्ला द्यायला लागला. डार्मश्टाट सोड, घरी येऊन बस, कागद झाला की बघू पुढचं. रॉल्फही घाबरला. तो म्हणाला, "नीला, वर्षभर थांबलीस तर काय बिघडतं?"

"जागा जाते," नीलांबरी म्हणाली. "पुन्हा मिळेल की नाही कोण सांगणार? आणि मी लपवलंय काय? नवऱ्याचं घर आहे म्हणून मी माझं काम सोडायचं, तर मग तो परवाना तरी कशाला हवा?"

तिने अभ्यासक्रम सोडला नाही.

माझी तिची पहिली भेट चौकशीच्या दिवशी त्या कचेरीच्या कॉरिडॉरमध्ये झाली. निळी सुती साडी, वर जाड स्वेटर, पायात बूट. शेजारी उंच, टक्कल पडलेला रॉल्फ, हातातली टोपी पिळत उभा. मी माझी ओळख करून दिली तशी ती म्हणाली, "ताई, मी जर्मनमधूनच बोलणार आहे. तुम्ही बसा फक्त. अडले तर विचारीन."

"मला तुमच्या बाजूने काही बोलता येणार नाही हं," मी म्हटलं.

"नकाच बोलू. माझी बाजू मी बोलते."

रॉल्फला एका अधिकाऱ्याने शेजारच्या खोलीत नेलं. आम्ही फ्राऊ, म्हणजे श्रीमती, हागेमान या अधिकारी बाईच्या टेबलासमोर बसलो. ही बाई पन्नाशीची, बोलण्यात सभ्य, पण चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही. दोन्ही खोल्यांत एकाच वेळी तेच प्रश्न विचारले जाणार होते.

पांघरुणाचा रंग कोणता? नीलांबरी म्हणाली, हिरवा. सकाळी आधी कोण उठतं? ती. नवऱ्याला कसलं औषध चालू आहे? ते तिने डोससकट सांगितलं. नवऱ्याच्या बहिणीचा वाढदिवस कधी? आठवेना. घराचं भाडं कोण भरतं? "तो. वीज मी." मागच्या महिन्यात बाहेर कुठे जेवलात? "कुठेच नाही. मी घरी असते तेव्हा मला माझ्या चुलीपाशी राहायचं असतं." चुलीला तिने जर्मनमध्ये भट्टीचा शब्द वापरला. फ्राऊ हागेमानने भुवया उंचावल्या, पण लिहून घेतलं.

मग तिने विचारलं, "गेल्या रविवारी तुम्ही दोघांनी काय केलं?"

नीलांबरी पहिल्यांदाच थांबली. "काही नाही. मी त्याच्याशी बोलत नव्हते."

फ्राऊ हागेमानचं पेन थबकलं. "भांडण झालं होतं?"

"नाही. भांडण नाही." ती माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "ताई, रुसले होते, याला काय म्हणायचं?"

माझी पंचाईत झाली. मी एक शब्द सांगितला. ती लगेच म्हणाली, "छे, त्याचा अर्थ अपमान झाला असा होतो. माझा कुठे अपमान झाला होता?" मी दुसरा सांगितला. "तो लहान मुलं ओठ काढून बसतात त्याला वापरतात. वॉर्डात ऐकलाय मी." तिचं जर्मन मला वाटलं होतं त्याहून पक्कं होतं.

"तर मग," फ्राऊ हागेमान म्हणाली, "मला कोणी सांगेल का?"

मी जर्मनमध्ये सांगितलं की या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही, अर्थ उलगडून सांगावा लागेल. तिने मान डोलावली. मी माझं काम केलं. ना कमी, ना जास्त. म्हटलं, "रुसणं म्हणजे राग, पण दूर जाण्याचा नव्हे. माणूस बोलणं बंद करतो आणि समोरच्याने येऊन समजूत काढावी म्हणून तिथेच बसून राहतो. परक्यावर रागावता येतं. रुसता येतं फक्त आपल्या माणसावर."

"आणि तुम्ही का रुसला होतात?" तिने तो शब्द कसाबसा उच्चारला.

नीलांबरी जर्मनमधूनच सांगायला लागली. ती शुक्रवारी येते तेव्हा रॉल्फ स्टेशनवर असतो. पाऊस असो, बर्फ असो, असतोच. गेल्या शुक्रवारी तो आला नाही. कुणाच्या तरी सतारीची दांडी चिकटवत बसला आणि विसरला. ती बॅग ओढत एकटीच घरी गेली. "आठवडाभर मी लोकांना उठवते, बसवते, धुते, पुसते. शुक्रवारी गाडीतून उतरले की एक माणूस माझी वाट बघत असतो. तेवढ्यावर माझा आठवडा निघतो. तो माणूस तिथे नव्हता." तिचा आवाज चढला होता. "तुम्ही विचारता आम्ही एकत्र राहतो का. आम्ही एकत्र राहत नसतो, तर तो आला नाही म्हणून मला काय फरक पडला असता?"

तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या खोलीतला अधिकारी हातात कागद घेऊन उभा होता.

"माफ करा," तो म्हणाला, "दुभाष्या बाईंना एक विचारायचंय. ते गृहस्थ म्हणतात की रविवारी त्यांची बायको... रूस-ली होती. जर्मनमध्ये सांगा म्हटलं, तर म्हणतात जर्मनमध्ये असं होतच नाही. दुसरा शब्द वापरायला तयारच नाहीत. हा शब्द आहे तरी काय?"

मी फ्राऊ हागेमानकडे पाहिलं. मी बोलावं की नाही, हे तिने ठरवायचं होतं.

"तो शब्द मला कळलाय," ती आपल्या सहकाऱ्याला म्हणाली. "मग त्यांनी काय केलं, म्हणतात?"

"साबुदाण्याचं काहीतरी केलं. बिघडलं. पण तिने खाल्लं, म्हणतात."

"लगदा झाला होता," नीलांबरी म्हणाली. "सगळा खाल्ला मी."

फ्राऊ हागेमानने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली. पांघरुणाचा रंग रॉल्फने निळा सांगितला होता, बहिणीचा वाढदिवस अचूक. त्याबद्दल कोणी पुढे काही विचारलं नाही. तिने फक्त एवढं सांगितलं की कामासाठी आठवड्यात वेगळं राहणं कायद्याला चालतं, संसार खरा असला म्हणजे झालं. बाकीचं पत्राने कळवू.

बाहेर आल्यावर नीलांबरीने रॉल्फला विचारलं, "पांघरूण निळं?"

"निळंच आहे," तो म्हणाला.

"हिरवं आहे."

दोघं वाद घालत जिना उतरले. मी वरून बघत होते आणि एकटीच हसत होते.

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. ती ओरडतच होती. "ताई, मिळाला! कायमचा! कसली अट नाही, काही नाही!" मागे गाडीची घोषणा ऐकू येत होती. ती डार्मश्टाटच्या स्टेशनवर उभी होती आणि आजूबाजूचे लोक बघत असणार याची तिला पर्वा नव्हती. मग एकदम शांत होऊन म्हणाली, "आधी मी इथे राहत होते, कारण मला नवरा होता. आता मी इथे राहते, आणि मला नवरा आहे. कळला ना फरक?"

मला कळला.

त्याच उन्हाळ्यात ती परीक्षा पास झाली. आता ती इथली रीतसर नर्स. डार्मश्टाटच्या दवाखान्याने तिला ऑपरेशन थिएटरमध्ये कायमची जागा देऊ केली. जवळच्या एका दवाखान्यातही जागा निघाली होती, घरापासून सायकलने जाण्याइतकी. सगळ्यांना वाटलं, आता ती परत येणार. तिने दोन दिवस विचार केला आणि रॉल्फला सांगितलं, "मला थिएटर हवंय. मिरजेतही मला थिएटर हवं होतं, मिळालं नव्हतं. तू काय करणार ते तू ठरव. मी रुसणार नाही."

रॉल्फने आपली हत्यारं, लाकडाच्या फळ्या आणि मिरजेहून आणलेले भोपळे एका भाड्याच्या टेम्पोत भरले. वीस वर्षांची कार्यशाळा त्याने दोन फेऱ्यांत हलवली. नव्या इमारतीत पहिल्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजींनी त्याला जिन्यात अडवलं. एवढे मोठे भोपळे घेऊन हा कोण वर चाललाय, असं त्यांना वाटलं असणार.

"आपण कोण?" त्यांनी विचारलं.

दोन्ही हातांत भोपळे सांभाळत रॉल्फ ताठ उभा राहिला. "मी फ्राऊ आवटींचा नवरा," तो म्हणाला. "त्यांना इथे नोकरी लागली, म्हणून मी आलोय."

वरच्या मजल्यावर दार उघडं ठेवून नीलांबरी ते ऐकत होती. मला हे सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. "ताई," ती म्हणाली, "त्याला तीनदा सांगायला लावलं मी ते वाक्य. आजींना ऐकू कमी येतं असं सांगून."