बुरुजाखालचा सांगाडा

वसईजवळच्या गास गावची इझाबेल साठीनंतर पहिल्यांदाच विरारच्या डोंगरावरचा जुना किल्ला चढली. केळीची वाडी, चर्च आणि बाजार, यापलीकडे तिचं जाणं नव्हतं. पण दोन हजार पाचच्या जुलैतल्या वादळानं गडावरचा वड मुळासकट उपटला, बुरूज अर्धा ढासळला आणि पाऊस उघडल्यावर तपासणीला आलेल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांना तिथं सांगाडा सापडला. कुणा तरण्या मुलाचा, असं बाजारात कळलं. इझाबेल फुलांची टोपली तिथंच टाकून निघाली.

तिचा फ्लॉईड चौदा वर्षांपूर्वी घरातून गेला होता. वाडी नको, वालीवला कारखान्यात जातो म्हणाला, तर बापानं, आग्नेलनं, चारचौघांत त्याच्या मुस्काटात मारली. त्या संध्याकाळी डोंगराखालच्या मनवेलपाड्यातल्या कुणीतरी त्याला या डोंगराच्या वाटेवर पाहिलं. पुढं कुणालाच दिसला नाही. पोलीस झाले, नवस झाले. आग्नेलनं तर त्याचं नाव घेणंच सोडलं.

"मावशी, मागं सरका, माती सैल आहे," खोदकामाची प्रमुख विनया चरातून ओरडली.

"वय किती त्याचं?"

"अठरा-वीस असेल. दातांवरून वाटतं."

इझाबेल म्हणाली, "माझा एकोणीसचा होता गं, बाय."

विनया हातातला ब्रश ठेवून वर आली. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं इझाबेलला चराच्या काठाशी नेलं. "हे बघा, हा भिंतीच्या पायाखाली आहे. वरचा दगड वादळाआधी कुणी हलवलेलाच नाही. भिंत बांधली त्याच्याही आधीचा आहे हा. शेकडो वर्षं झाली. तुमचा नाही, मावशी."

इझाबेलला हायसं वाटायला हवं होतं. पण चढताना तिनं मनात सगळं ठरवून टाकलं होतं. शवपेटी, चर्चमधली मिस्साची प्रार्थना, दफनभूमीतली सासऱ्यांशेजारची जागा. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी मेणबत्ती लावायला एक ठिकाण होईल म्हणून ती भराभर चढत आली होती. आता तिला स्वतःचीच शरम वाटली. आई असून आपण पोराचं मरण शोधत आलो!

"याचं कुणी नाहीच आता," ती खाली बघत म्हणाली आणि तिनं क्रूसाची खूण केली. प्रार्थना संपेपर्यंत मजूर घमेली खाली ठेवून उभे राहिले.

घरी आग्नेल ओट्यावरच होता. बातमी त्याच्याही कानावर आली होती.

"तो होता?"

"नाही."

आग्नेलनं दाराची चौकट धरली. मग म्हणाला, "फ्लॉईड जिवंत असेल म्हणायचं, की..."

चौदा वर्षांनी त्यानं मुलाचं नाव घेतलं होतं. इझाबेल त्याच्या शेजारी जाऊन बसली.