जळणाच्या फळ्या

शेजारी स्लॅब ओतायच्या फळ्यांना जळकं ऑइल चोपडताहेत. त्या वासानं उचगावचं आमचं घर आठवलं. बाबांनी अशाच वापरलेल्या फळ्या आणल्या, आम्ही बहिणींनी त्यांवरचं सिमेंट खरवडलं आणि त्याच फळ्या कौलांखाली ठोकल्या. वास्तुशांतीच्या पंगतीत थोरले काका वर बघून म्हणाले, "जळणाचं घर बांधलास की रं." बाबा खाली मान घालून वाढत राहिले.

पुढं काकांनी स्लॅबचं घर बांधलं आणि वास्तुशांतीचा मुहूर्त गाठायला स्लॅबचे टेकू लवकर काढले. पावसाळ्यात तडे जाऊन तो गळायला लागला, तेव्हा ते आमच्याकडं राहायला आले. सिमेंटचा डाग राहिलेल्या फळीखालीच मी त्यांचं ताट मांडलं.

"बसा काका. जळण हाय, पण गळत न्हाय."

बाबांनी मला दटावलं नाही. आज मी काकांच्या तेव्हाच्या वयाची झाले, तरी ते वाक्य परत घ्यावंसं वाटत नाही.