रंजिताने बसवलेला कॅच कॅन

गव्हाण फाट्याच्या अलीकडे पिकअपच्या बॉनेटमधून निळसर धूर निघाला, जळक्या तेलाचा वास केबिनमध्ये घुसला आणि रंजिता तांडेलच्या तोंडून सणसणीत शिवी बाहेर पडली, तीही थेट कोन गावातल्या गॅरेजवाल्या धनेशच्या नावाने. तिने गाडी कडेला दाबली. न्हावा शेव्याचे कंटेनरवाले ट्रेलर हॉर्न बडवत अगदी अंगाला घासून जात होते. बॉनेट उघडून पाहते तर तेल मोजायची पट्टी जागेवरून वर उडालेली, आणि इंजिनाच्या झाकणाच्या कडेने तेल ओघळत खाली रस्त्यावर टपटपतंय. मागे पापलेट आणि सुरमईचे अकरा क्रेट. सकाळचे साडेआठ वाजलेले. पनवेलच्या बाजारात बायका तिची वाट बघत बसलेल्या.

जासईचा एक टेम्पोवाला ओळखीचा होता, त्याला तिने बोलावून घेतलं. अकराच्या अकरा क्रेट एकटीने उचलून त्याच्या गाडीत टाकले. बर्फाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. टेम्पो पनवेलला पाठवून तिने धनेशला फोन लावला.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. टो करून आणा, बघतो. नॉर्मल आहे हे."

"नॉर्मल? तेल रस्त्यावर सांडलाय आनि तुमी नॉर्मल बोलता?"

रंजिता करंजा बंदरावरची. बाप विठू नाखवा. बाईमाणसाने होडीवर पाय ठेवायचा नाही, हा त्याचा कायदा. पण होडीचं इंजिन दुरुस्तीला किनाऱ्यावर उतरलं, की नट रॉकेलमध्ये धुवायला, पिस्टनवरची काजळी खरवडायला हाक हिलाच. नॉझल तुंबलंय की डिझेलात पाणी गेलंय, हे पंधराव्या वर्षी ती नुसत्या आवाजावरून सांगायची. पुढे होडी मिळाली भावाला, ज्याला पाना धड धरता येत नव्हता. "पोरीला काय करायचीय होडी?" बाप म्हणाला. ती वर्षभर बापाशी बोलली नाही.

लग्न झालं प्रितेशशी. तो बंदरातल्या यार्डात क्रेन चालवतो. लग्नानंतर कितीतरी वर्षं तिने दुसऱ्यांच्या टेम्पोत मासळी वाहिली, टेम्पोवाल्यांच्या लहरीप्रमाणे पहाटे ताटकळली, आणि शेवटी स्वतःची पिकअप घेतली. टर्बो डिझेल. गाडी ती स्वतः चालवते, स्वतः धुते, फिल्टर स्वतः बदलते. असाच एकदा हवेचा पाइप सोडवला तर आत तेलाचा थर. तिला नवल वाटलं नाही. इंजिनाच्या पोटातून जी गरम वाफ बाहेर पडते, तिच्याबरोबर तेलाचे बारीक थेंब उडतात. ती वाफ परत हवेच्या पाइपात सोडलेली असते, म्हणून ते तेल टर्बोतून, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यातून, पुढे जाऊन सगळीकडे चिकटतं. मध्ये एक डबा बसवला की तेल त्यात साचतं आणि वाफ तेवढी पुढे जाते. त्यालाच कॅच कॅन म्हणतात. आत जाळी असलेला चांगला डबा तिने मागवला आणि धनेशकडे नेला.

धनेश हसला होता. "हे रेसिंगवाल्या पोरांचं फॅड आहे, मॅडम. मासळीच्या गाडीला कशाला?"

"बसवताय का नाय ते सांगा. आनि पाइप जाड पायजे. गरम तेलाला टिकनारा."

"वीस वर्षं हेच करतोय आम्ही."

डबा त्याच्याकडून बसवून घेतला, त्याला बारा दिवस झाले होते.

टोची गाडी तिची पिकअप ओढत कोनला निघाली. ती टोवाल्याच्या शेजारी बसली होती, तेवढ्यात प्रितेशचा फोन आला.

"काय झाला गं? धनेश बोलला, तू गाडी रगडतेस. चुकीच्या गियरवर दामटतेस, म्हनून इंजिनावर लोड आला."

रंजिताची कानशिलं तापली. "तुना कवा बोलला?"

"आता फोन केलेला त्याने. जरा बेतानं चालवत जा ना."

तिने फोन कापला. तिची गाडी, तिचा नंबर गॅरेजच्या वहीत, आणि या माणसाने फोन केला तिच्या नवऱ्याला. गाडी अजून पाहिलीही नव्हती त्याने!

गॅरेजमध्ये उतरल्या उतरल्या धनेश समोर आला. "मॅडम, तुमच्या मिस्टरांशी बोललो मी. ड्रायव्हिंग स्टाइलचा इश्यू—"

ती त्याच्या बाजूने सरळ निघून गेली. बॉनेट उघडलं. इंजिनापासून डब्यापर्यंत आलेला पाइप तिने बोटाने चाचपला आणि थांबली. फडताळावरची सुरी घेऊन तिने तो दोन्ही टोकांना कापला आणि सगळ्यांसमोर धरला. पाण्याचा साधा हिरवा पाइप. टर्बोच्या उष्णतेने मऊ पडून मधोमध चपटा झालेला, वाळल्या बोंबलासारखा. तिने त्यात फुंकर मारली. हवा पलीकडे गेली नाही.

"हा जाड पाइप?" ती ओरडली. शेजारच्या टायरवाल्याच्या दुकानातली माणसं बाहेर आली. "वाफेला जायला वाटच नाय. इंजिनात दाब कोंडला, पट्टी उडाली, झाकनाचा गास्केट फुटला. याच्यात माझा गियर कुठं आला?"

"पाइप तुम्ही मागाहून बदलला असेल," धनेश म्हणाला.

मागे काशिराम उभा होता, गॅरेजमधला सगळ्यात जुना मिस्त्री. हात पुसता पुसता तो खाली बघत म्हणाला, "मीच लावलाय तो. शेट बोलले, हाच हाय, हाच लाव."

धनेशने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर गप्प झाला असता. काशिराम हात पुसतच राहिला.

"मना सॉरी नको," रंजिता म्हणाली. "माझ्या नवऱ्याला फोन लावलात ना? आता त्यालाच लावा. स्पीकरवर."

"अहो मॅडम, छोटी गोष्ट आहे, मी करून देतो सगळं—"

"लावा!"

धनेशने फोन लावला. चपटा पाइप तिने त्याच्या नाकासमोर धरूनच ठेवला होता. "हां, प्रितेशभाऊ... ते आमच्याकडून पाइप चुकीचा लागला होता. मॅडमच्या ड्रायव्हिंगचं काही नाही." पलीकडून प्रितेशचा आवाज आला, "मना वाटलाच होता."

हे ऐकून तिचा संताप दुप्पट झाला. तिने हात लांबवून फोन बंद केला.

"गाडीला कोनी हात लावायचा नाय. काशीकाका, तुमचे पाने द्या."

रिक्षा करून ती पनवेलला गेली आणि झाकणाखालचं रबरी गास्केट, तेल, क्लिपा आणि सहजी न दबणारा जाडजूड रबरी पाइप घेऊन आली. आणि मग भर उन्हात धनेशच्याच अंगणात कामाला लागली. झाकण उतरवलं, कडा पुसल्या, नवं गास्केट बसवलं. डबा धनेशने टर्बोला खेटून लावला होता. तो काढून बॅटरीच्या बाजूला थंड जागी, इंजिनातून वाफ बाहेर पडते त्या तोंडापेक्षा खाली बसवला, म्हणजे तेल आपोआप डब्याकडे उतरेल. पाइप कुठेही मुडपणार नाही असा वळवला. प्रत्येक क्लिप दात आवळून पिळली. काशिराम जवळ बसून मागेल तो पाना देत होता. तो एकदाच बोलला. "खालची तोटी मोकळी ऱ्हाऊ दे पोरी, तेल काढायला हात गेला पायजे." तिने मान डोलावली आणि डबा थोडा फिरवला.

तेल भरून गाडी सुरू केली. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण उघडून वर तळवा धरला. हलकीशी ऊब लागली, दाब नाही. पट्टी जागच्या जागी. अर्धा तास ती इंजिनाकडे बघत उभी राहिली. कुठेही थेंब नाही. धनेश आत पंख्याखाली बसून होता, तो बाहेर आला नाही.

परतीच्या वाटेवर यार्डाच्या गेटपाशी प्रितेश उभा होता, ड्युटी संपवून. तो गुपचूप शेजारी चढला.

"राग आलाय काय अजून?"

"हाय."

मग त्याने विचारलं, "तो डबा नेमका करतो काय?"

तिने सांगितलं. भराभर, तोडून, समोरच्या ट्रेलरवरून नजर न हलवता. त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे पाइप चपटा झाला, म्हनून वाफ कोंडली?"

"हां. त्याचा फोन आलेला तवा हा एवढा तरी विचारायचास त्याला."

रंजिताने गियर टाकला.