उपवासाचं वजन

सुरतेत मी उपवास करून लठ्ठ झालो.

म्हणजे आधीही काही काडीपहिलवान नव्हतो. बँकेत मी उठलो की खुर्चीही सोबत उठायची! रक्तात साखर, गुडघ्यांत कळा, जिना चढताना धाप. साल एकाहत्तर-बाहत्तर असेल. डॉक्टर म्हणाले, "मनोहरभाई, बधानुं मूळ एक ज. वजन उतारो!"

मी कशाला ऐकतोय? पण माझा मेहुणा नाना अमळनेरहून आला नि म्हणाला, "दाजी, सुधाच्या लग्नात पाटावर बसणं काही तुमच्याच्यानं व्हायचं नाही. कन्यादान मी करतो!"

माझ्या पोरीचं कन्यादान हा करणार? मी जिवंत असताना? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली!

"आजपासून उपवास!" मी गरजलो. बायकोच्या संकष्ट्या आणि गुरुवार, शेजारच्या जशुबेनच्या एकादशा आणि सोमवार. मी एकही सोडला नाही. दोन्ही घरांना माझी कोण काळजी! इकडून तुपातली साबुदाण्याची खिचडी, तिकडून बटाट्याची फराळी पॅटिस. "अहो, उपाशीपोटी चक्कर येईल," म्हणून ही वर राजगिऱ्याचा शिरा वाढायची. मीही देवाचं नाव घेऊन पुन्हा मागायचो.

महिन्याने वजनकाट्यावर उभा राहिलो, तर वजन वाढलेलं! साखरही चढलेली.

"शुं खाओ छो?" डॉक्टर ओरडले.

"काही नाही हो, उपवास करतो!"

हिने कौतुकाने सगळा फराळ सांगितला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "उपवास बंध! जमवानुं चालु करो!"

मग उपवासाऐवजी रोज जेवायला भाकरी, पालेभाजी आणि रोज सकाळी तापीकाठी पायपीट. जशुबेन हळहळल्या, "अरेरे, भाईए धरम छोड्यो!" खमणाच्या दुकानापुढून मी डोळे मिटून जायचो (एकदा गाईवर आदळलो). पण वजन उतरलं, साखर आटोक्यात आली, गुडघे वाकायला लागले.

लग्नात नाना सोवळं नेसून तयारीतच उभा होता. त्याच्या नाकावर टिच्चून मी पाटावर मांडी घातली! सुधाचा हात जावयाच्या हातात दिला, तेव्हा डोळे घळाघळा वाहिले. जिंकलो होतो मी!

त्याच भरात, कुणाचाही हात न धरता, ताडकन उठलो. मी वर आलो, सोवळं मात्र खाली निघालं! इतकी वर्षं ते पोटाच्या भरवशावर टिकून होतं, हे मला कुठे ठाऊक?

नानाने झेप घालून ते धरलं. "दाजी, कन्यादान तुम्ही केलंत, आता अब्रू मी सांभाळतो!"

लग्नाच्या त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत मी छाती काढून हसतोय, आणि मागे नाना माझी कंबर धरून उभा आहे.