आईचा फॉर्म आणि वेडा शास्त्रज्ञ

गेल्या रविवारी भर दुपारी टरकले... गारखेड्यातल्या आमच्या घरी, पडदे ओढून, आईसोबत एक जुना ब्लॅक अँड व्हाइट हॉरर सिनेमा बघत होते. वेडा शास्त्रज्ञ, कडाडणाऱ्या विजा, धूर सोडणाऱ्या बाटल्या... म्हटलं, हसू येईल.

पण तो बाबा कबरी उकरून प्रेतं चोरायला लागला आणि हसू राहिलं बाजूला. कारण टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आईचा देहदानाचा फॉर्म होता, वारस म्हणून लागणाऱ्या माझ्या सहीसाठी दोन महिने अडलेला. मी रोज काहीतरी निमित्त काढत होते. खरं सांगायचं तर, आईला चिरफाडीच्या टेबलावर ठेवतील हा विचारच सहन होत नव्हता.

आणि सिनेमात नेमकं ते टेबल आलं. पांढरी चादर, खालून दिसणारी बोटं... मी तोंड फिरवलं, तर दिवाणावर आई. तशीच चादर ओढून, पाय बाहेर, अजिबात हालचाल नाही. मी वाकून हाक मारली.

"आई..."

"जागी हाय मी. बघ तू."

मी टीव्ही बंदच केला. रडूच फुटलं. मला सही नाही जमणार, भीती वाटते, असं एकदाचं सांगून टाकलं.

आई उठून बसली. ती औरंगपुऱ्यातल्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर होती. तिथला सांगाडा इतकी वर्षं तिनंच पुसला... फार जुना, खऱ्या माणसाचा.

"भ्या तर मला बी वाटतं," ती म्हणाली. "पण दर शनिवारी त्याच्या बरगड्या पुसताना मनात यायचं, ह्यो कोण व्हता? ह्याला कुणी इचारलं तरी का? घरच्यांना ठावं व्हतं का? मला तसं नाय जायचं, माय. माझ्या माणसांना सांगून जायचंय."

मी ड्रॉवर उघडला. सही केली... इतकी वाकडी की बँकेनं ती नक्की परत पाठवली असती. आईनं चष्मा लावून स्वतःचं नाव नीट लिहिलंय ना ते तपासलं, आणि उरलेला सिनेमा लाव म्हणाली.

भीती काही गेली नाही. शेवटपर्यंत मी उशीआडूनच बघितला. पण सगळा वेळ आईचा हात धरून बसले होते... चांगला गरम होता.