सॉफ्टवेअरला आमची जत्रा ठाऊक नव्हती

मंडळी, आमच्या सांगलीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांच्या ड्युट्या आधी मी लावायचे, आता सॉफ्टवेअर लावतं. काम चोख, भांडणं बंद.

आज मात्र आमचे आटपाडीचे भूलतज्ज्ञ तावातावाने आले. "मॅडम, ऐन जत्रेत मला ड्युटी? घरी पाहुणे जेवायला येणार. मी काय येत न्हाई."

आता भूलतज्ज्ञाशिवाय ऑपरेशन कसं करायचं?

सॉफ्टवेअरला दिवाळी कळते, जत्रा कळत नाही. मी सगळ्या डॉक्टरांकडून आपापल्या गावच्या जत्रेची तारीख मागवली आणि सॉफ्टवेअरमध्ये सुट्टी म्हणून भरली. दिवाळी सगळ्यांची एकदमच येते, जत्रा मात्र प्रत्येकाची वेगळी. त्यामुळे नव्या यादीत कुणाचीच जत्रा हुकली नाही.

संध्याकाळी सॉफ्टवेअर कंपनीचा फोन. "मॅडम, या सुट्ट्या कुठल्या राज्याच्या?"

म्हटलं, "आमच्या गावांच्या. राहू द्या तशाच."

तुमच्या ऑफिसच्या सुट्ट्यांत तुमचं गाव आहे का?