‘चूक आहे’चं बटण

पन्नाशी ओलांडली तरी कारखान्यात मी चिटबॉयच. एवढ्या बाप्याला बॉय म्हणायचं, पण ते असू दे. उसाची नोंद ठेवायची आणि कुणाचा फड कधी तोडायचा ते सांगायचं, हे माझं काम. सांगवीपासून पार इंदापूरकडच्या रानांपर्यंत बांध न् बांध मला ठाऊक. फडात शिरायचं, ऊस मोडायचा, दातांनी सोलून आधी बुडखा चावायचा, मग शेंडा. शेंडाही तितकाच गोड लागला की तोड द्यायची.

दोन हंगामांपूर्वी साहेबांनी हातात मोबाईल दिला. म्हणाले, आता उपग्रहाच्या फोटोवरून एआय सांगणार, कुठला ऊस तयार आहे. पहिल्याच दिवशी त्यानं इंदापूरकडचा एक फड तयार दाखवला. मी गेलो, चावला, थुंकलो. ते चोपण रान, तिथं खारटपणानं ऊस कच्चाच पिवळा पडतो. मला असा आनंद झाला की विचारू नका! साहेबांना म्हणालो, "ह्याला काय कळतंय? दात हायत का त्याला?"

मोबाईलमध्ये ‘चूक आहे’ असं बटण होतं आणि खाली कारण लिहायला जागा. बाकीचे चिटबॉय कंटाळा करायचे. मला मात्र त्या यंत्राची जिरवायची होती. रोज बांधावर बसून लिहायचो. ‘चोपण रान. पिवळा म्हणजे पिकला नव्हे.’ ‘कडेला गजराज गवत आहे, ऊस नाही.’ बायको म्हणायची, "लेकीला कधी चार ओळी लिवल्या न्हाईत तुमी." साहेब पाठ थोपटायचे आणि मी गाढव फुगायचो.

यंदा गाळप सुरू व्हायच्या आधी साहेबांनी बोलावून चहा पाजला. तिथंच शंका यायला हवी होती. म्हणाले, "आबा, आता ते चुकतच नाही हो. तुम्ही घरीच थांबा." वर कौतुक, की सगळ्यात जास्त दुरुस्त्या तुमच्याच! राग काढू कुणावर? माझं बोट धरून कुणी ते बटण दाबून घेतलं नव्हतं.

परवा इंदापूरकडच्या त्याच फडाचा शेतकरी मोबाईल घेऊन दारात आला. "आबा, ऊस पिवळाधमक झालाय अन् हे तोड देईना. काय म्हणतंय बघा की."

चष्मा लावून वाचलं. चोपण रान. पिवळा म्हणजे पिकला नव्हे.

"बरोबर हाय का त्याचं?"

"बरोबर हाय."

"लई हुशार हाय की मग," म्हणत त्यानं मोबाईल खिशात घातला. एरवी मला फडात नेऊन ऊस चावायला लावल्याशिवाय न सोडणारा माणूस, उंबऱ्यावरूनच परत गेला.